डोर्लीकर काकाजींचे तेवीस नकार

हिंदी मुलखातल्या बालाघाट शहरातल्या आमच्या मराठी वधू-वर मंडळाचं ऑफिस म्हणजे डोर्लीकर काकाजींच्या घराची बाहेरची खोली. पाटी मंडळाची, पंखा काकाजींचा आणि चहा काकूंचा. मंडळाला अध्यक्ष होते, उपाध्यक्ष होते, पाच-सहा सल्लागार होते, आणि ही सगळी मंडळी वर्षातून एकदा फोटोपुरती एकत्र यायची. बाकी वर्षभर मंडळ म्हणजे एकटे काकाजी. सरकारी कचेरीत आयुष्यभर पत्रांची आवक-जावक सांभाळून बडेबाबू म्हणून निवृत्त झालेले. उंच, किंचित पोक आलेले, आणि भुवया इतक्या दाट की चष्मा नाकावर नाही, भुवयांवर टेकलाय असं वाटायचं.

मी अमरावतीची. लग्न होऊन बालाघाटला आले आणि काकाजींच्या शेजारचं घर माझं झालं. एका खाजगी संस्थेत मी कॉम्प्युटर शिकवायचे. ही दोन हजार सालानंतरची गोष्ट, शहरात सायबर कॅफे नवेनवे निघाले होते आणि कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाईला लोक डॉक्टरच्या खालोखाल मान देत. तो मान मला चांगलाच मानवला होता. काकाजी मात्र मला पहिल्या दिवसापासून नुसतं 'सूनबाई' म्हणायचे, आमच्या गल्लीतल्या सगळ्याच सुनांना म्हणायचे तसं.

त्यांची एक सवय मला आधी विचित्र वाटली. होकाराचं पत्र ते नुसत्या बंडीवर, पाय खुर्चीत वर घेऊन, सुपारी चघळत लिहीत. पण नकाराचं पत्र लिहायचं असलं की आत जात, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून येत, गळ्याचं बटणसुद्धा लावत आणि मग पेन उघडत. मी एकदा हसले.

"हासून काहून राह्यली?" ते म्हणाले. "कोनाच्या घरी वाईट खबर घेऊन जाचं असलं त बंडीवर जाईन का मी?"

"पण तुम्ही कुठे जाताय काकाजी? पत्र जातंय."

"मंग? पत्र म्हंजे मीच नाही का?"

लिहून झालं की ते मोठ्यानं वाचायचे. एकदा नव्हे, दोनदा. पहिल्यांदा स्वतःसाठी आणि दुसऱ्यांदा, त्यांच्या शब्दांत, 'पोरीच्या मायच्या कानानं'. एकदा असंच दुसरं वाचन चालू असताना त्यांनी पत्र टराटरा फाडलं. का, तर 'खेद' हा शब्द दोनदा आला होता. म्हणाले, "दोनदा खेद लिवला का मानूस खोटा वाटते."

पाकीट बंद केल्यावरही ते पोस्टात जायचं नाही. टेबलाच्या खालच्या खणात आठ दिवस पडून राहायचं. मुलाकडच्यांनी नकार कळवला तो शनिवारी, मुलीकडे पत्र निघणार पुढच्या रविवारनंतर. "होकार धावत जाऊ द्या," ते म्हणायचे. "नकार आपला पायी चालत गेलेला बरा. तवरिक घरच्यांच्या मनात आपोआप थोडं उतरते, का उत्तर आलं नाही म्हंजे काय ते." मला हे सगळं फार सरकारी वाटायचं. फायली दाबून ठेवायची जुनी खोड, दुसरं काय.

मऊ मात्र नव्हते हं. गोंदियाकडून एक मंडळी मुलगी बघायला आली होती. मुलाच्या मामांनी मुलीला उभं राहायला सांगितलं, मग मुलाच्या बहिणीला तिच्या शेजारी उभं करून उंची ताडून पाहिली. काकाजी मध्यस्थ म्हणून बसले होते. त्यांनी शांतपणे पिशवीतून शिंप्याचा टेप काढला आणि मुलासमोर गेले. "उभे राहा जवाईबापू. हिसाब दोनीकडचा पाह्यजे." मुलगा पाच फूट तीन इंच भरला. फॉर्मवर पाच-सहा लिहिलेलं होतं. काकाजींनी तिथल्या तिथे पेनानं दुरुस्ती केली आणि मामांना सही करायला लावली. हा किस्सा हट्ट्यापासून लांजीपर्यंत पसरला आणि त्यानंतर वर्षभर मुलांच्या फॉर्मवर उंची खरी येऊ लागली.

आता त्यांच्या रजिस्टरबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

आपल्याकडे नकाराचं खरं कारण कोणी कोणाला सांगत नाही. रंग आवडला नाही, घर आवडलं नाही, हुंडा म्हणायची हिंमत नाही. सगळ्यांवर एकच पांघरूण, 'पत्रिका जमत नाही'. काकाजी हे पत्रात शाईनं लिहीत आणि रजिस्टरातही कारणाच्या रकान्यात शाईनंच नोंदवत. पण खरं कारण मुलाकडच्यांकडून खोदून काढल्याशिवाय ते त्यांना उठू द्यायचे नाहीत. आणि ते खरं कारण त्याच पानाच्या समासात, पेन्सिलीनं, बारीक अक्षरात लिहून ठेवायचे.

मी विचारलं होतं, कशाला?

"त्या पोरीले पुन्हा तशाच घरी पाठवाचं नाही ना म्हनून. एकदा ठेच लागली, दुसऱ्यांदा त्याच गोट्यावर कशाले न्यायची?"

"मग पेनानं लिहा की. पेन्सिल पुसट होते."

"व्हावाच लागते पुसट. लोक बदलतात, सूनबाई. सालभरानं मी रबर घेऊन बसतो."

ते रजिस्टर ते कोणाच्या हाती देत नसत. अध्यक्षांनी मागितलं तरी स्वतः धरून, बोटानं समास झाकून दाखवायचे.

लांजीकडच्या एका खेड्यातले मेश्राम गुरुजी आपल्या मुलीचं नाव नोंदवायला आले तेव्हा मी तिथेच होते. सल्लागारांपैकी एक जण बसले होते, ते घुटमळले. बौद्ध समाजाचं वेगळं मंडळ असतं ना, वगैरे. काकाजींनी काही वाद घातला नाही. पाटीकडे बोट दाखवलं. "इथं मराठी लिवलं हाय. गुरुजी काय इंग्रजीत बोलून राह्यले?" आणि नवीन पान उघडून नाव लिहायला घेतलं. पुढे त्या मुलीला एक नकार आला तेव्हा खरी पंचाईत झाली. त्यांच्यात पत्रिका बघत नाहीत, तेव्हा 'पत्रिका जमत नाही' लिहायची सोय नाही. काकाजी इस्त्रीचा शर्ट घालून सकाळभर बसून होते. शेवटी 'मुलाच्या बदलीचे नक्की नसल्याने' असं लिहिलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "साठी उलटल्यावर नवीन झूठ शिकलो."

तर अशा माणसाच्या हाती मी कॉम्प्युटर दिला.

दिला म्हणजे काय, लादला. मंडळाची नोंदणी वाढली होती. पुण्या-नागपूरची पोरं ईमेलवर माहिती मागायला लागली होती. काकाजींचं मनगट दुखायचं, हे खरं. अध्यक्ष म्हणाले, मॅडम, तुम्हीच काही करा. मी जणू या निमंत्रणाची वाटच बघत होते. जुना कॉम्प्युटर आणवला, एक्सेलमध्ये तक्ता केला. नोंदणी क्रमांक, मुलीचं नाव, वडिलांचं नाव, ईमेल, स्थळ आणि सहाव्या रकान्यात कारण. मग त्याच्यावर मॅक्रो लिहिला. मॅक्रो म्हणजे त्या तक्त्याच्या पोटात लिहून ठेवलेली कामाची यादी. बटण दाबलं की तो एकेक ओळ वाचतो, ठरलेल्या पत्रात नाव भरतो, सहाव्या रकान्यातलं कारण भरतो, चौथ्या रकान्यातल्या पत्त्यावर पाठवतो आणि पुढच्या ओळीवर जातो. दोन ओळी माझ्याच पत्त्यावर पाठवून बघितल्या. सुरेख गेल्या. काकाजींच्या एका आठवड्याचं काम अर्ध्या मिनिटात. मला इतका आनंद झाला की मी वर्गातल्या मुलांनाही ते दाखवलं.

नोंदी भरताना काकाजी शेजारी बसून रजिस्टर वाचून दाखवायचे. समासावर बोट. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं.

"पेन्सिलीचं कंपुटरमंदी टाकू नको, सूनबाई. शाईचं तेवढं टाक."

मी हो म्हटलं. आणि टाकलं. दोन-तीन वेळा ते जेवायला आत गेले, एकदा बाजारात गेले, रजिस्टर टेबलावरच होतं, तेवढ्यात मी समास बघून घेतला. माझं म्हणणं असं की ज्या माहितीवर सगळं चालतं तीच नाही तर तक्ता काय कामाचा? उद्या काकाजी नसले तर? खरं सांगायचं तर तेही कारण नव्हतं. मला त्यांना विचारल्याशिवाय स्थळं जुळवून दाखवायची होती. म्हणून मी कारणाच्या आधी एक नवा रकाना घातला, त्यात पेन्सिलीतलं सगळं भरलं आणि तो रकाना लपवून टाकला. एक्सेलमध्ये रकाना लपवता येतो. पडद्यावर दिसत नाही. मला वाटलं, झाकलं म्हणजे झालं. त्यांचंही राहिलं, माझंही.

पण मॅक्रो डोळ्यांनी बघत नाही, रकाने मोजतो. लपलेलाही मोजतो. नवा रकाना आल्यावर सहावा कोणता झाला, हे पहिल्या महिन्याच्या विद्यार्थ्यालाही कळलं असतं. मी नंतर चाचणी घेतलीच नाही.

रविवारी सकाळी उद्घाटन ठेवलं. काकूंनी मॉनिटरला हळदकुंकू लावलं. कॉम्प्युटरचं जमेपर्यंत थांबवून ठेवलेले, दोन महिन्यांचे साठलेले तेवीस नकार होते. काकाजी इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्याचं बटण लावून आले, ते बघून मला पुन्हा हसू आलं. मी पडद्यावर एक मोठं बटण करून त्यावर 'पाठवा' असं लिहिलं होतं. म्हटलं, काकाजी, तुम्हीच दाबा.

त्यांनी माउस हातात धरला आणि थांबले. "एकदा वाचून पाहू दे का?"

"तेवीसच्या तेवीस सारखीच आहेत काकाजी. काय वाचायचं त्यात?"

"तसं नाही. एक त वाचू दे."

"अहो, दाबा. मशीन चुकत नाही."

हे वाक्य मी म्हटलं. अगदी याच शब्दांत. काकाजींनी बटण दाबलं, काकूंनी टाळ्या वाजवल्या, मी पेढा खाल्ला.

दुपारी पहिला फोन नागपूरहून आला. किरनापूरच्या एका मुलीचा भाऊ तिथे शिकत होता, घरच्यांनी त्याचाच ईमेल दिला होता. आमच्याकडे असंच होतं. मुलीच्या लग्नाचा पत्ता भावाचा, चुलतभावाचा, नाहीतर ज्याच्याकडे कॉम्प्युटर आहे त्या ओळखीच्या माणसाचा. काकाजी फोनवर "हौ बेटा, हौ" म्हणत ऐकत होते. रिसीव्हर बाजूला धरून त्यांनी मला विचारलं, "सूनबाई, त्यात काय लिवलेलं गेलं?"

मी पाठवलेली पत्रं उघडली. पहिल्याच पत्रात होतं, 'कळविण्यास खेद वाटतो की, मुलीच्या डाव्या डोळ्यात तिरळेपणा आहे, या कारणास्तव योग जुळून येत नाही.' दुसऱ्यात वडिलांची दारू. तिसऱ्यात मुलीचा रंग, तोही मुलाच्या आईच्या शब्दांत. मी पुढची उघडू शकले नाही. तोंडातून निघालं, "काहीतरी तांत्रिक बिघाड झालाय."

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना समास पाठ होता. त्या एका नजरेत त्यांना सगळं समजलं, हे मला समजलं. मग त्यांनी रिसीव्हर पुन्हा कानाला लावला आणि म्हणाले, "बेटा, ते माह्याच हातचं लिवलेलं हाय. पाठवलं बी म्याच. तुह्या बाबूजीले सांग, मी उद्या पयल्या गाडीनं येऊन राह्यलो."

दुसऱ्या दिवसापासून ते घरोघर जायला लागले. सत्तरीला आलेला माणूस, पिशवीत पाण्याची बाटली आणि तेवीस घरांची यादी. किरनापूर झालं, हट्टा झालं, वारासिवनी झालं. परत आले की यादीवर टिक करायचे. एका घरी त्यांना दारातूनच परत पाठवलं, हे मला काकूंनी सांगितलं. त्यांनी नाही.

तिरोडीला मी बरोबर गेले. रात्रंदिवस जिवाला चैन नव्हती, म्हटलं निदान एका घरी तरी जाऊन सांगावं की हे मी केलं. बसमध्ये मी वाक्य जुळवत होते.

तिरोडीच्या मुलीचं नाव रजनी. तिथल्याच प्राथमिक शाळेत शिकवायची. वडील खाणीत टाइमकीपर. त्यांच्या घरी ईमेल नव्हता, म्हणून ऑफिसमधल्या सहकाऱ्याचा पत्ता दिला होता. त्या सहकाऱ्यानं, मदत म्हणून, पत्र छापून काढलं आणि चहाच्या सुट्टीत चार लोकांदेखत टेबलावर ठेवलं. 'ये शायद आपके घर का है.' कागदावर लिहिलं होतं की मुलीची आई नागपूरला वेड्यांच्या दवाखान्यात राहून आली आहे, या कारणास्तव योग जुळून येत नाही.

आम्ही गेलो तेव्हा वडील घरातच होते. खिडकीकडे तोंड करून बसून राहिले. चहा आईनंच आणला. नीटनेटकी, हसऱ्या डोळ्यांची बाई. कप देताना तिचा हात जरासुद्धा हलला नाही. "साखर बरोबर हाय ना?" तिनं मला विचारलं आणि आत गेली.

काकाजी उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "माही चूक झाली. माफी मांगाले आलो."

रजनी दारात उभी होती. ती रागावलेली नव्हती, आणि तेच मला सहन होईना. ती म्हणाली, "काकाजी, आईचं तुमाले म्या स्वतः सांगतलं होतं. कोनाले फसवून लगन नाही कराचं म्हनून. तुमी म्हनलं होतं, बेटा, पोराकडच्याले तेवढं सांगीन, बाकी हे माह्याजवळच राहीन."

"हौ. म्हनलं होतं."

"मंग कंपुटरवर कोनं टाकलं?"

"वही माही हाय बेटा. बटन म्याच दाबलं."

"बटनाचं नाही इचारून राह्यली. टाकलं कोनं?"

खोलीत आम्ही चौघंच होतो. काकाजी तिच्याकडे बघत होते. माझ्याकडे मान वळवायची नाही म्हणून अगदी एकटक बघत होते. माझ्या हातात कप होता. बसमध्ये जुळवलेलं वाक्य तोंडाशी आलं होतं, 'मी टाकलं' एवढंच, दोन शब्द. मी चहाचा घोट घेतला.

"माह्या हाताखाली झालं," काकाजी म्हणाले. "म्हंजे मीच केलं."

रजनीनं माझ्याकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "ठीक हाय," आणि आईच्या मागे आत गेली.

परतीच्या बसमध्ये मला रडू फुटलं. काकाजींनी पिशवीतली बाटली पुढे केली.

"काहून रडते? पानी पी."

"मी सांगायला हवं होतं."

"सांगून काय होईन? तुले इथं पूर्ण जिंदगी काढाची हाय. संस्थेत नोकरी, लेकरांची शाळा. माह्यावर लोक चार दिवस चिल्लावतीन आन् चुप बसतीन. माहं काय राह्यलं आता?" बाटली परत पिशवीत ठेवत म्हणाले, "पन सूनबाई, पेन्सिलीचं नको टाकू म्हनलं होतं ना तुले."

पूर्ण प्रकरणात ते मला एवढंच बोलले. आवाज चढवून नाही. एखादी वस्तू कुठे ठेवली असेल, याची स्वतःशी आठवण करावी तसं.

मी ती मोकळीक घेतली. त्यांनी दिली म्हणून नव्हे, मला हवी होती म्हणून घेतली, हे आज कबूल करते.

पुढच्या रविवारी मंडळाची तातडीची बैठक झाली. एरवी फोटोपुरते येणारे सल्लागारही आले. अध्यक्ष पेशानं वकील होते, त्यांनी साक्षीदाराला विचारावं तसं विचारलं, "हे नेमकं कोणाकडून झालं?"

"बटन म्या दाबलं," काकाजी म्हणाले.

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही तांत्रिक बाजू बघत होता. कॉम्प्युटरमध्ये हा मजकूर आला कसा?"

सगळे माझ्याकडे बघत होते. काकाजी सोडून. मी म्हटलं, "कॉम्प्युटरमध्ये जे आहे ते काकाजींच्या रजिस्टरवरूनच आलंय."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. मी ते वाक्य पुष्कळदा तपासून पाहिलं आहे. शब्दन् शब्द खरा, आणि त्याहून मोठं खोटं मी जन्मात बोलले नाही. इतक्या वर्षांत मी वर्गात कितीतरी मुलांना मॅक्रो शिकवला, रकाने मोजताना कसे चुकतात ते फळ्यावर काढून दाखवलं, पण त्या वाक्यापर्यंत कधी आले नाही.

मग सल्लागारांना जोर चढला. मुलींबद्दल असं लिहून ठेवायचंच कशाला? हे सभ्य माणसाचं काम आहे का? कोणी म्हणालं, म्हाताऱ्याला ही विकृत सवयच असावी. 'विकृत' शब्द ऐकल्यावर काकाजींनी एकदाच मान वर केली. ज्यानं तो उच्चारला त्याच्या पुतणीच्या पानावर समासात काय आहे, हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं. एक काकाजी आणि एक मी. आम्ही दोघंही गप्प बसलो. त्यांचं गप्प बसणं आणि माझं, यात जमीन-अस्मानाचा फरक होता.

काकाजींना वयोमानानुसार मोकळं करायचं ठरलं. सचिव म्हणून माझं नाव सुचवलं गेलं. मी 'नको' म्हणाले, पण एकदाच, आणि तेही अशा आवाजात की त्यावर आग्रह व्हावा.

ऑफिस आमच्या घरी आलं. मी मॅक्रो दुरुस्त केला, तो रकाना पुसून टाकला. मंडळ छान चाललं. मात्र एक गोष्ट झाली, मुलींचे बाप मला काही सांगेनासे झाले. फॉर्म भरायचे, फोटो द्यायचे आणि उठायचे. काकाजींसमोर जी माणसं तासभर बसून घरातलं दुखणं सांगत, ती माझ्यासमोर जन्मतारीख सांगून निघून जात. माझ्याकडे उत्तम तक्ता होता आणि त्यात काहीच नव्हतं.

काकाजी पुढची दीड-दोन वर्षंच राहिले. गल्लीत दिसले की "काय सूनबाई, बरी हाय ना" म्हणत. यादीतली तेवीस घरं त्यांनी पूर्ण केली होती, असं काकू म्हणाल्या. शेवटच्या पावसाळ्यात ते गेले तेव्हा मी अमरावतीला माहेरी होते. म्हणून मला त्यांचं जे शेवटचं नीट आठवतं, ते त्याच्या आधीच्या उन्हाळ्यातलं, हट्ट्याच्या एका मुलीच्या लग्नातलं.

ते स्थळ काकाजींनीच जुळवलं होतं, शेवटच्या काही स्थळांपैकी. मुलाकडच्यांनी पाच वेळा आढेवेढे घेतले होते, पाचही वेळा काकाजी बसनं जाऊन आले होते. पण लग्नाची तारीख लांबत गेली आणि तोवर सचिव मी झाले होते. गोंदिया रोडवरच्या लॉनवर लग्न लागलं. आमच्या मंडळातून जमलेलं लग्न असलं की मंगलाष्टकं झाल्यावर मध्यस्थाला स्टेजवर बोलावतात, शेला पांघरतात, नारळ देतात आणि नवरा-नवरी वाकून नमस्कार करतात.

माइकवरच्या माणसानं पुकारलं, "ज्यांच्या प्रयत्नांनी आजचा हा सोहळा होत आहे, त्या आपल्या मंडळाच्या सचिव मॅडम..."

मला काकाजी कुठे आहेत ते माहीत होतं. शेवटच्या रांगेत, कूलरपासून लांब, एकटे बसले होते. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. त्यांच्या बाजूच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या, गर्दी असूनही. माइकवर माझं नाव येताच त्यांनी हात वर करून मला खूण केली, जा, जा. उशीर करते म्हणून दटावावं तशी.

मी गेले. माझ्या खांद्यावर शेला घातला. नवरी वाकली, मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. फोटो काढणारा म्हणाला, मॅडम, जरा हसा. मी हसले. तो फोटो आहे माझ्याकडे.

खाली उतरले तेव्हा काकाजी निघत होते. जेवायला थांबले नव्हते. मंडपाच्या तोंडाशी चपलांचा ढीग होता, त्यात वाकून ते आपली चप्पल शोधत होते. मी जवळ गेले तसं त्यांनी मान वर करून शेल्याकडे बघितलं, दोन बोटांत त्याचा काठ धरून पाहिला.

"चांगला हाय," ते म्हणाले. "जाड हाय. थंडीत कामी येईन तुले."

टोमणा नव्हता. त्यांना टोमणा मारता यायचा नाही. त्यांना खरंच तो शेला चांगला वाटला होता.

एक चप्पल सापडली, दुसरी सापडेना. ते एका पायावर तोल सावरत, मंडपाच्या खांबाला हात टेकून शोधत राहिले. मागे माइकवर कोणीतरी पाहुण्यांना जेवणाचा आग्रह करत होतं. माइक चालू होता, दोनशे माणसं बसलेली होती, आणि स्टेजवर जाऊन 'हा मान यांचा आहे' म्हणायला मला मिनिट पुरलं असतं. मी शेला खांद्यावर घेऊन, नारळ दोन्ही हातांत धरून उभी होते. वाकून त्यांची चप्पलसुद्धा शोधून दिली नाही, कारण हात रिकामे नव्हते.

ती त्यांची त्यांनाच सापडली. पायात सरकवली आणि "येतो सूनबाई" म्हणून ते उन्हात रस्त्याला लागले.